वडगावच्या शेडातला जोड

उद्या सकाळी आपला थोरला भाऊ आप्पा चारही माग एकदम सुरू करणार आहे, नागू, आणि तू नाहीस. काल तुझा तेरावा झाला. आलेले लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलून, जेवून गेले. तुझ्या कॉलेजातले मास्तर म्हणाले, पदार्थविज्ञान असं शिकवणारा माणूस बेळगावला पुन्हा मिळायचा नाही. मी मान हलवत होते, पण माझा जीव शेडाच्या छपराखाली अडकला होता. तुझ्या हातचा जोड तिथे आहे. काळ्या पट्टीत गुंडाळलेला, दुसऱ्या मागाच्या बरोबर वर. पट्टीच्या आत तू काय करून ठेवलंस ते तुला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि तू विषमज्वरात निघून गेलास.

खरं सांगायचं तर मला आधी तुझा राग येतो, मग रडू येतं. उलटं व्हायला हवं होतं, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. आई म्हणायची, आमची शांती रडायच्या आधी भांडून घेते.

तुझ्या त्या शेवटच्या रविवारी तू खासबागेतून सायकल मारत आलास तेव्हाच तुझा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तर म्हणालास, "काय न्हाय गं आक्का, उन्हानं." आप्पाने सहा महिने वीज कंपनीच्या पायऱ्या झिजवून शेडात मोटर बसवून घेतली होती. शेजारच्या तीन घरांनी आपापले हातमाग मोडून आप्पाच्या शेडात एकेक नवा माग टाकला होता. आता त्या घरांत उभं राहायला दुसरा धंदा नाही. हे सगळे तुझ्याच शब्दावर आले होते. "मास्तर म्हणतोय म्हंजे काय भ्या न्हाय," असं म्हणून आले होते. आणि मोटरपर्यंत तार पुरेना. लढाईमुळे तांब्याची तार बाजारात मिळत नव्हती. दोन तुकडे होते, ते जोडल्याशिवाय गत नव्हती.

जोडाला डाख द्यायचा, म्हणजे वितळलेल्या धातूने तो सांधायचा, तर कथील हवं. मलाया जपान्यांच्या हाती गेल्यापासून कथलाचं नाव काढलं की दुकानदार हसायचे. तू म्हणालास, "आत्ता नुसता पीळ देतो. डाख मिळाला की येऊन पक्कं करतो. तंवर दोनच माग चालवायचे आप्पा, चार न्हाय."

आप्पा म्हणाला, "दोन चालत्यात तर चार का न्हाय चालणार?"

"माग दुप्पट केलेस तर तार दुप्पट वीज ओढंल, आणि जोडातली ऊब दुप्पट न्हाय, चौपट हुईल. खाली सगळं सूत हाय. हवेत तंतू उडत्यात."

आप्पाला हे पटलं नाही. त्याला दुसरीच चिंता होती, विणकराच्या कामात गाठ म्हणजे कमीपणा. तुला तार घट्ट जाडजूड गुंडाळायची होती, आणि तो खालून ओरडत होता, "एवढी गाठ नको रं. विणकराच्या शेडात डोस्क्यावर गाठ लोंबकळतीया, लोक काय म्हनतील?" तू हसलास. मग मोटर बसवायला आलेल्या माणसाने मला चहा आणायला पाठवलं, आणि मी परत आले तेव्हा तू शिडीवरून उतरत होतास. जोड पट्टीत गेला होता. आत तुझी गाठ राहिली की आप्पाचा बारीक पीळ, ते मी पाहिलं नाही.

आजारपणात तू बरळायचास. "दोनच आप्पा, दोनच." आप्पा तुझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवत म्हणायचा, "तापात काहीबाही बोलतंय पोर." ते काहीबाही नव्हतं, हे मला समजत होतं. त्यालाही समजत असणार, म्हणून तर आजवर दोनच चालवले. पण लग्नसराई तोंडावर आली आहे, चार घरांचे ताणे चार मागांवर चढलेले आहेत, आणि दोन मागांवर चार घरं जगत नाहीत. मी आप्पाला दोष देत नाही. देते, पण थोडाच.

आज सकाळी त्याला म्हटलं, "पट्टी सोडून बघूया."

"न्हाय," म्हणाला. "त्यानं बांधलंय. त्याला हात लावायचा न्हाय कुनी."

"आग लागली म्हणजे?"

आप्पा चिडला की कानडीत शिरतो. "साकू," म्हणाला, "साकू आता, पुरे. मास्तराचा जोड हाय त्यो. तू मला शिकवतीस व्हय?" आणि उठून गेला.

आता तूच सांग, कुणाला विचारू? कंपनीचा वायरमन म्हणतो, मीटरच्या अलीकडची जबाबदारी आमची, पलीकडची तुमची. आपल्या घरात जोडाबद्दल बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याशी मी आयुष्यभर वाद घातला.

तो वाद अजून संपलेला नाही, हे लक्षात आहे ना तुझ्या? पोरं तुला मागून शून्य मास्तर म्हणायची. तुला ते आवडायचंही. पारा इतका गार केला, की हवेतला हेलियम वायूसुद्धा पाणी होऊन खाली बसेल इतका, तर त्यातला विजेचा अडथळा एकदम शून्य होतो. कमी नाही, शून्य. हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा आपण आईच्या चुलीपुढे बसलो होतो आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, धूर गेला असेल. तू म्हणालास, "आक्का, शिशाचं एक कडं करायचं, बांगडीसारखं. त्यात वीज एकदा फिरवायची आणि सोडून द्यायची. मग ती फिरतच राहते. कुणी ढकलत नाही, तरी फिरते. तार कोमटसुद्धा होत नाही. काहीच वाया जात नाही."

मी विचारलं, "आणि ते कडं गार कोण ठेवतं?"

"यंत्रं असत्यात त्याला."

"यंत्रं चालवायला काय लागतं?"

तू म्हणालास, "तो हिशेब येगळा."

"घरातले पुरुष असंच म्हणत्यात," मी म्हटलं. "जेवण आपोआप तयार होतं. तुझं कडं फुकट फिरत न्हाय नागू, ते दुसऱ्याच्या जिवावर फिरतं." आई पदर तोंडाला लावून हसली आणि तू पान सोडून उठलास. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पण तिसऱ्या दिवशी येऊन, जणू मधे काही झालंच नव्हतं अशा थाटात, म्हणालास की तांबं कितीही गार केलं तरी अडथळा पूर्ण सोडत नाही. घरोघरी जी तार वापरतो ती कधीच शून्याला जात नाही, आणि डाखातलं हे गरीब कथील-शिसं मात्र जातं. "गंमत हाय का न्हाय?" असं मला विचारलंस. माझं शिक्षण मुलींच्या शाळेपुरतं, पण तू मला कधी सोपं करून, खाली उतरून सांगितलं नाहीस. बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं सांगायचास आणि मी उलट बोलले की खरोखर चिडायचास. या गावात माझ्यावर असं चिडणारा दुसरा कुणी नव्हता. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

तुला ते शून्य डोळ्यांनी बघायचं होतं. इथे कुठे तसली थंडी? खानापूरच्या रानात मार्गशीर्षात हात बधिर झाले की आपण त्याला थंडी म्हणतो. विलायतेला जायचं तुझं ठरत आलं आणि लढाई लागली. मग जुनी मासिकं, उशिराने आलेली, त्यांच्यावर भूक भागवायचास.

त्या शेवटच्या रविवारी, शिडीवर चढण्याआधी, तू असलंच काही वाचून आला होतास. अंगात कसकस असूनही तुला सांगायची घाई. म्हणालास, "आक्का, तिकडं कुनीतरी गार केलेल्या कथलात वीज लई जोरात उलटसुलट फिरवून बघितली. आणि थोडी ऊब सापडली."

"म्हणजे शून्य न्हाय?"

"एका दिशेनं सरळ जाऊ दिली तर शून्यच. पण त्यात दोन जातीचे वाहक असावेत असं म्हणत्यात. एक जात कशाला न अडखळता जाती. दुसरी आपल्यासारखी, धडपडणारी. गल्लीतनं मिरवणूक सरळ चालली की लंगडा म्हातारा कट्ट्यावर बसून ऱ्हातो, त्याला कुनी ओढत न्हाय. पण गर्दी सारखी मागं-पुढं, मागं-पुढं झाली की त्योबी रेट्यात सापडतो आणि धडपडतो. त्याच्या धडपडीची ऊब. म्हंजे आक्का, तू तवा जे म्हणालीस ना, त्यात थोडं—"

आणि आप्पाने शेडातून हाक मारली, तार धर म्हणून.

थोडं काय, नागू? थोडं खरं होतं? थोडं चुकलं होतं? सोळा-सतरा वर्षांच्या भांडणात तू पहिल्यांदाच 'तू जे म्हणालीस' असं वाक्य सुरू केलं होतंस. मी चहा घेऊन आले तेव्हा विचारणारच होते. पण तू सायकलवर बसलास आणि म्हणालास, डोकं दुखतंय, पुढच्या रविवारी बोलू.

आता तुझं एकच बोलणं शिल्लक आहे, ते त्या काळ्या पट्टीत. मी आप्पाशी सौदा केला आहे. तू शिकवलेली युक्ती करायची: पट्टीवर मेणाचा खडा चिकटवायचा. चारही माग चालू करायचे. मेण घट्ट राहिलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. वितळलं तर मोटर बंद आणि जोड कापायचा. तो "बरं" म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. कल्हईवाल्यालाही मी उद्या सकाळी बोलावून ठेवलंय. त्याच्याकडे सुपारीएवढं कथील आहे हे मला तुझ्या सुतकाच्या दिवसांत कळलं, देवळातल्या भांड्यांना कल्हई तोच करतो म्हणून. दुकानं हिंडलास, पण कल्हईवाला तुला सुचला नाही. तुला काय सुचणार म्हणा, भांडी कधी घासली होतीस?

तुझा जोड थंड निघावा असं मला वाटतंय. तू चुकू नयेस असं वाटतंय. आणि शेड जळू नये असं वाटतंय. तिन्ही एकदम वाटतंय. एवढं लिहून ठेवते.

शेडातून आले. आता पुढचं लिहिते.

सकाळी चारही घरची माणसं जमली होती. बायका दाराशी. आप्पाने मागांना हात लावून नमस्कार केला, तुझ्या नावाने नारळ फोडला. मी शिडीवर चढून मेण चिकटवलं. पट्टीवर तंतूंचा पांढरा थर बसला होता, तो मी फुंकरला. फुंकरताना दिसलं, पट्टीला लागून असलेले तंतू पांढरे नव्हते, पिवळट झाले होते. मी काही बोलले नाही. सौदा मेणाचा होता.

आप्पाने खटका ओढला. पट्टा फिरला, पहिला माग सुरू झाला, दुसरा झाला. मेण तसंच. तिसरा. शेड सगळं हादरायला लागलं. चौथा माग सुरू झाला तेव्हा दाराशी उभ्या बायका हसायला लागल्या, चारही धोटे पळत होते ना. आप्पाने माझ्याकडे बघितलं, बघितलंस का, असं. मी मेणाकडे बघत होते. त्याच्या कडा चमकायला लागल्या. मग ते एका बाजूने सरकलं, आणि टपकन खाली पडलं, दुसऱ्या मागावरच्या साडीच्या जांभळ्या काठावर.

"बंद कर," मी म्हटलं. आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. आप्पाने मेण पडताना पाहिलं होतं. पण त्याचा हात खटक्यावर जाईना. चार माग चालताना त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिले होते. पट्टीच्या डांबराचा वास यायला लागला. मी शिडीवरून ओरडले, "आप्पा, पोराबाळांचं घर हाय हे," तेव्हा त्याने खटका पाडला.

सगळं थांबल्यावर मी पट्टीवर तळहात ठेवला. चटका बसला, पण मी हात काढला नाही. तापात तुझं कपाळ असंच लागत होतं.

पट्टी मी सोडली, आप्पा शेजारी दुसऱ्या शिडीवर येऊन उभा राहिला. आत गाठ नव्हती. बारीक, सुरेख पीळ होता. मागाच्या फणीच्या फटीतून अलगद निघून जाईल असा, आई द्यायची तसा. आप्पाच्या हट्टाखातर तू गाठ सोडलीस हे दिसतच होतं. पण ती ऊब तेवढ्यानं आलेली नव्हती. मी नखाने पीळ थोडा उकलला. तांब्याच्या वळ्यांमध्ये करडं काहीतरी होतं. बोटाला लागलं, मऊ.

राख.

आप्पाने माझं बोट धरून नाकाजवळ नेलं, जसा काही वासाने ओळखणार होता. "राख हाय," तो म्हणाला. "सांधणीची राख हाय ही."

नवा ताणा जुन्याला सांधताना आई काय करायची ते आठवतं? राखेच्या वाटीत बोटांची टोकं बुडवायची आणि मग दोन दोरे पिळायची, म्हणजे निसटत नाहीत. आपण तिघं तिच्याभोवती बसून शेकडो दोरे असेच पिळले. वाटी आजही शेडात त्याच कोनाड्यात असते. तू, ज्याने साऱ्या बेळगावला विजेचा अडथळा शिकवला, शिडीवर चढण्याआधी त्या वाटीत बोटं बुडवलीस. अंगात ताप, डोक्यात तिकडचं गार कथील, तोंडात मला सांगायचं अर्धं वाक्य. बोटांनी आपलं काम करून टाकलं. तुला समजलंही नसेल. धातूला धातू नीट टेकूच दिला नाहीस, मधे आईच्या वाटीतली राख ठेवलीस. हे तुझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर काढला असतास.

मी हसले, नागू. शिडीवर उभी राहून हसले, आणि मग मला रडू आवरेना.

खाली कुणीतरी विचारलं, "काय झालंय? मास्तरांचं चुकलं व्हय?" आप्पा पटकन म्हणाला, "न्हाय. माझं. मीच म्हनालतो गाठ नको." तो कधी चूक कबूल करत नाही, तुला माहीत आहे. तुझ्यासाठी त्याने केली.

मी कातरी मागितली. आणि आप्पा, ज्याला सकाळपर्यंत चार मागांखेरीज काही सुचत नव्हतं, माझा हात धरून म्हणाला, "कापू नको आक्का." तो मला आक्का म्हणत नाही, मी त्याच्याहून धाकटी. तुझ्या तोंडचा शब्द त्याच्या तोंडी आला. "त्याच्या हातचं हाय. शेवटचं. दोन मागांवरच चालवूया. मी त्या घरांची समजूत काढतो."

मला वाटलं, हो म्हणावं. दोन मागांवर तो जोड किती दिवस टिकला असता? कदाचित बरेच. पण तूच मला सांगितलं होतंस की असा जोड आपलाच वैरी असतो. तापतो, तापला की काळवंडतो, काळवंडला की आणखी तापतो. आज दोनाला चालेल, चार महिन्यांनी एकालाही चालणार नाही. मी आप्पाला हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. शेवटी म्हणाला, "मग तूच काप. माझ्यानं हुयाचं न्हाय."

मी कापला.

नवा जोड आप्पाने दिला. आधी खाली उतरून त्याने हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत, मग पुन्हा धुतले, धोतराला पुसले आणि बोटं उजेडात धरून बघितली. मग तार घासून लख्ख केली आणि जाड, वेडीवाकडी, बोजड गाठ मारली. आयुष्यात इतकं गबाळं काम त्याने केलं नसेल. कल्हईवाल्याने नवसागर फिरवून कथील पाजलं. देवळातल्या भांड्यांच्या वाटणीचं कथील तुझ्या भावाच्या गाठीत बसलं. वर नवी काळी पट्टी गुंडाळली. तुझा तुकडा आप्पाने खिशात टाकला, मला विचारलंही नाही.

परत चारही माग सुरू केले, बराच वेळ चालवले, मग बंद करून मी आणि आप्पाने आळीपाळीने पट्टीवर हात ठेवला. "गार हाय," आप्पा म्हणाला. खालच्यांना ओरडून सांगितलं, "गार हाय." बायकांनी पुन्हा माग सुरू करायला लावले.

मी अजून शिडीवरच होते. आपल्या वादाचं काय झालं ते तुला विचारायचं होतं. काहीच वाया न जाणारं कडं तुला आयुष्यभर हवं होतं, आणि तुझ्या स्वतःच्या हातच्या जोडातून इतकी ऊब निघाली की माझा तळहात अजून लाल आहे. 'तू जे म्हणालीस त्यात थोडं' एवढ्यावरच तू राहिलास. मी ते वाक्य माझ्या सोयीने पुरं करणार नाही.

आता शेडातून आवाज इथपर्यंत येतोय. चारही चालू आहेत. मोटर बंद असली की मी मधूनमधून जाते आणि गाठीला हात लावून येते. आप्पा विचारतो, "कसं हाय?" मी म्हणते, "गार." गारच असायला हवं. मग मी आणखी थोडा वेळ हात तिथेच ठेवते.